मुंबईत पहिलं घर घेताना: घर बघायला सर्वांत शेवटी जा

रविवारी सकाळी एजंटचा फोन येतो. "साहेब, आत्ता येऊन जा, संध्याकाळी दुसरी पार्टी टोकन देतेय." तुम्ही बायकोला घेऊन धावत जाता. पाचव्या मजल्यावरचा वन बीएचके, हॉलमध्ये छान वारा, ओट्याच्या बाजूला देवघरापुरती जागा. बायको डोळ्यांनीच हो म्हणते. एकदा हे झालं की पुढचं सगळं अवघड होतं, कारण मन आधीच त्या घरात राहायला गेलेलं असतं. मग कागद अपुरे निघाले तरी "होईल काहीतरी" वाटतं, आणि पाच लाख कमी पडले तरी "काकांकडून घेऊ" वाटतं.

मी लालबागच्या चाळीत वाढलो, लग्नानंतर अकरा वर्षं गोरेगाव आणि भांडुपला भाड्याने राहिलो, आणि मग मुलुंडला वन बीएचके घेतला. त्यानंतर साताऱ्याहून, चिपळूणहून नोकरीसाठी आलेल्या भाचे-पुतण्यांबरोबर बरीच घरं आणि त्याहून जास्त फायली पाहिल्या. त्या सगळ्यांना मी एकच क्रम सांगतो: आधी खिसा, मग कागद, मग भिंती.

पायरी १: स्वतःचे किती, ते आधी मोजा

सगळे ईएमआय विचारतात. मी आधी विचारतो, आज बँकेत, एफडीत आणि पीएफमधून काढता येतील असे मिळून किती आहेत? मुंबईत पहिलं घर ईएमआयपेक्षा डाउन पेमेंटला जास्त अडतं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के, आणि त्यावर ७५ टक्के. ही टक्केवारी घराच्या किमतीवर असते. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन तिच्यात धरत नाहीत, ते पैसे तुमचेच.

समजा मुंबई महापालिकेच्या हद्दीत ८० लाखांचं रिसेल घर आहे. बँक फार तर ६४ लाख देईल. १६ लाख तुमचे. स्टॅम्प ड्युटी ५ टक्के आणि मेट्रोचा अधिभार १ टक्का, म्हणजे ४ लाख ८० हजार. रजिस्ट्रेशन फी ३० लाखांवरच्या घराला ३० हजार. एजंट एक टक्का घेतो असं धरा, ८० हजार. सोसायटीची ट्रान्सफर फी. ती कायद्याने २५ हजारांच्या वर घेता येत नाही, कमिटीने "बिल्डिंग फंड" म्हणून जास्त मागितली तर नियम दाखवा. एवढ्यानेच आकडा २२ लाखांच्या पुढे गेला. वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, रंगकाम, ग्रिल, टेम्पो अजून बाकीच आहेत. ठाणे-नवी मुंबईत घेतलंत तर स्टॅम्प ड्युटी सगळं मिळून ७ टक्क्यांवर जाते, हेही हिशेबात धरा.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते. इथे ८० हजार वाचतात. नवरा-बायको दोघांची नावं घातली तर ही सवलत नाही. कुणाच्या नावावर घ्यायचं हा घरातला प्रश्न आहे, पण तो टोकनच्या, म्हणजे घर पक्कं करायच्या आगाऊ रकमेच्या, आधी बोलून घ्या, रजिस्ट्रारच्या दारात नको.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेतलंत तर वर ५ टक्के जीएसटी. ४५ लाखांच्या आत आणि ६० चौरस मीटर कार्पेटच्या (घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्राच्या) आत असेल तर १ टक्का. ओसी, म्हणजे पालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, मिळाल्यानंतर घेतलेल्या घराला जीएसटी नाही. बिल्डर पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस आणि वर्ष-दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतो, तो आकडा लेखी मागा.

आता ईएमआय. ६४ लाखांचं कर्ज, २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के धरलं तर महिन्याला साधारण ५५ हजार ५०० रुपये. पहिल्या हप्त्यातले ४५ हजारांहून जास्त नुसतं व्याज असतं, मुद्दल दहा हजारांनी उतरतं. माझ्या मते सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांच्या वर जाऊ नयेत. म्हणजे या घरासाठी दोघांचे मिळून महिना १ लाख ४० हजार तरी हवेत. बँक यापेक्षा जास्त कर्ज मंजूर करेलही. बँक मुलांची फी आणि गावच्या आईवडिलांचं औषधपाणी मोजत नाही, ते तुम्हालाच मोजावं लागतं.

व्याजदर बहुतेक रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडलेला असतो, वर गेला की बँक हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. वर्षातून एकदा स्टेटमेंट काढून किती महिने उरलेत ते बघत जा. बदलत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडायला बँक दंड लावू शकत नाही. बोनस आला की मुद्दलात भरा. आणि २ लाखांच्या व्याजाची करसवलत स्वतः राहण्याच्या घराला जुन्या करप्रणालीतच मिळते. एजंट ती सवलत धरूनच हिशेब दाखवतो, तुमची प्रणाली कुठली ते आधी बघा.

पायरी २: भाड्याचं घर म्हणजे पैसे पाण्यात, हे डोक्यातून काढा

गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न तोच, "किती दिवस दुसऱ्याची घरं भरणार?" वरच्या ८० लाखांच्या घराचं भाडं समजा २२ हजार असेल, तर हप्ता त्याच्या अडीचपट आहे. मधले ३३ हजार दर महिन्याला खरोखर बाजूला टाकता आले तर तीन वर्षांत व्याज न धरताही जवळपास १२ लाख होतात. हे जमत नसेल तर हप्ताही जमणार नव्हता, हे घर न घेताच कळतं.

भाड्याने राहताना लीव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करूनच घ्या, तो कायद्यानेच बंधनकारक आहे. पुढे पत्त्याच्या पुराव्याला तोच उपयोगी पडतो.

पायरी ३: म्हाडाची तयारी आजपासून

म्हाडाचं घर नशिबाचा भाग आहे हे खरं. २०२३ च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत ४,०८२ घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर. २०२४ मध्ये घरं २,०३० होती. तरी भरा. विक्रोळीचं कन्नमवार नगर, गोरेगावचं पहाडी, सायनचं प्रतीक्षा नगर, अशा ठिकाणी मध्यमवर्गीय माणसाला खुल्या बाजारात जे परवडत नाही ते इथे मिळू शकतं, आणि नंबर नाही लागला तर अनामत रक्कम परत येते.

लोक चुकतात ते तयारीत. जाहिरात आली की तहसीलदार कार्यालयाकडे धावतात आणि अधिवास प्रमाणपत्र हातात येईपर्यंत मुदत संपते. प्रमाणपत्र २०१८ नंतरचं, बारकोड असलेलं लागतं. जुनं पिवळं पडलेलं चालत नाही. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड आणि जुनी वीजबिलं गावाहून आणून ठेवा. उत्पन्नासाठी आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदाराचा दाखला, आणि त्यात नवरा-बायको दोघांचं उत्पन्न मिळून धरतात. मुंबईत वार्षिक ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम, त्यावर उच्च. माझ्या पुतण्याने फक्त स्वतःचा पगार दाखवून अल्प गटात अर्ज केला होता. सूनबाईचा पगार धरला तर तो मध्यम गटात जात होता. नंबर लागला असता तरी घर गेलं असतं.

तुमच्या, जोडीदाराच्या किंवा अल्पवयीन मुलांच्या नावावर त्याच महापालिका हद्दीत घर असेल तर अर्ज बाद होतो. मिळालेलं घर पाच वर्षं विकता येत नाही. आणि "आतून करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. म्हाडाने सोडतीसाठी कुणीही दलाल नेमलेला नाही, सगळं संगणकावर होतं.

उत्पन्न ९ लाखांच्या आत असेल तर शहरी पंतप्रधान आवास योजना २.० ची व्याज सवलतही बघा. देशात कुठेही पक्कं घर नसलेल्यांना मिळते, पण घराची किंमत ३५ लाखांच्या आत लागते. म्हणजे हिशेब बदलापूर, टिटवाळा, विरारकडचाच.

पायरी ४: नकाशावर नाही, फलाटावर उभं राहून भाग ठरवा

ज्या भागात घर घ्यायचं मनात आहे, तिथल्या स्टेशनवरून आठवडाभर ऑफिसला जाऊन बघा. खरंच करा हे. रविवारच्या दुपारी नालासोपारा ते अंधेरी आणि सोमवारी सकाळी ८ वाजता नालासोपारा ते अंधेरी, हे दोन वेगळे प्रवास आहेत. जाहिरातीतलं "स्टेशनपासून दहा मिनिटं" शेअर रिक्षाचं असतं, तिची रांग धरली की पंचवीस. पावसाळ्यात जमलं तर जुलैमध्ये जा. पाणी कुठे साचतं ते चहावाला बरोबर सांगतो.

मेट्रो येणार, पूल होणार, या भरवशावर जास्त भाव देऊ नका. आज जी गाडी धावते आहे तिचेच पैसे द्या.

पायरी ५: कागद

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. घर न बघताही हे काम अर्धं होतं.

नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखाली बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाका. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठपेक्षा जास्त सदनिका असतील तर नोंदणी लागतेच. तिथे ताबा देण्याची तारीख, ती किती वेळा वाढली, किती घरं विकली गेली, जमिनीवर कोर्टात काय चालू आहे, कर्ज काढलंय का, हे सगळं दिसतं. ताबा लांबला तर व्याज किंवा पैसे परत मागण्याचा हक्क याच रेरा कायद्याने दिला आहे, आणि ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. करार रजिस्टर होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला मनाई आहे. "आधी २० टक्के भरा, अ‍ॅग्रीमेंट पुढच्या महिन्यात" असं कुणी म्हणालं तर तिथूनच उठा.

पण नुसता महारेरा क्रमांक पुरत नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींच्या प्रकरणात पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवली गेली होती. लोकांनी नंबर बघितला, बँकेकडून कर्ज घेतलं, आणि नंतर कळलं की पालिकेने ती इमारत कधी मंजूरच केली नव्हती. नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती २०२४-२५ मध्ये पाडल्या, आणि वर्षानुवर्षं राहणारी कुटुंबं सामानासकट रस्त्यावर आली. त्यांचीही आयुष्यभराची कमाई होती. म्हणून बांधकाम परवानगी आणि सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) पालिकेच्या नगररचना किंवा इमारत प्रस्ताव विभागातून स्वतः पडताळा. सीसी कितव्या मजल्यापर्यंत आहे ते वाचा. तुमचं घर अठराव्या मजल्यावर आणि सीसी बाराव्यापर्यंत असेल, तर तुम्ही अजून मंजूर न झालेल्या हवेचे पैसे देताय. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत मंजुरीपेक्षा जास्त मजले चढवले होते, आणि त्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

रिसेलमध्ये पहिलं मागायचं ते ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. ओसी नसलेल्या इमारतीला पालिका पाणी जादा दराने देते आणि बँका कर्जाला कुरकुर करतात. मग चेन अ‍ॅग्रीमेंट: बिल्डरने पहिल्या मालकाला विकलं तिथपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे करार, प्रत्येकाची स्टॅम्प ड्युटी भरलेली आणि रजिस्टर झालेले. सोबत शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद), सोसायटीची एनओसी म्हणजे ना हरकत पत्र, मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचं पत्र. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा, काढून आधीचे व्यवहार जुळवता येतात. शेवटी स्वतःच्या वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. विकणाऱ्याचा वकील कितीही गोड बोलला तरी तो त्याचा वकील.

माझी ठेच इथलीच. भांडुपला एक घर पसंत पडलं आणि मी ५१ हजार टोकन देऊन मोकळा झालो. करार विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर होता, वडील वारलेले, आणि शेअर सर्टिफिकेटवर मुलाचं नाव नॉमिनी म्हणून चढलेलं. मला वाटलं, नाव आहे म्हणजे मालक आहे. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, एकटा मालक होत नाही. सांगलीच्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायला नकार दिला, बँकेने फाइल परत केली. टोकन परत मिळायला आठ महिने लागले, तेही तीन तुकड्यांत. ते आठ महिने आमचं दुसरीकडे घर बघणंही थांबलं. मालक वारलेला असेल तर सगळ्या वारसांची नावं आणि सह्या आधी, टोकन नंतर.

स्वस्त दिसणाऱ्या काही घरांची वेगळी कहाणी असते. पागडीच्या खोलीत तुम्ही भाडेकरूच राहता, नाव बदलायला घरमालक आपला वाटा मागतो, आणि बँका त्यावर सहसा गृहकर्ज देत नाहीत. झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेतलं पुनर्वसनाचं घर ठरावीक वर्षं विकताच येत नाही, मग ते पॉवर ऑफ अटर्नीवर विकतात. अशा पॉवर ऑफ अटर्नीने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. घेऊ नका, अर्ध्या किमतीत मिळालं तरी.

जुन्या सोसायटीत अजून एक प्रश्न विचारा: कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालंय का? जमीन बिल्डरच्याच नावावर असेल तर उद्या रिडेव्हलपमेंट अडकतं. कन्व्हेयन्स झालं नसेल तर सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरशिवाय सरकारकडून जमीन नावावर करून घेण्याचा) अर्ज तरी केलाय का ते बघा. जमीन कलेक्टरची किंवा भाडेपट्ट्याची असेल तर विक्रीला त्यांची परवानगी आणि वर पैसे लागू शकतात.

पायरी ६: आता घर बघा, टेप घेऊन

साडेतीनशे रुपयांचा स्टीलचा टेप घ्या. फक्त रेरा कार्पेट मोजा. बिल्टअप, सुपर बिल्टअप, लोडिंग हे शब्द कानावरून जाऊ द्या. कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरची भिंत आणि बाल्कनी नाही. पुतण्याबरोबर एका सॅम्पल फ्लॅटमध्ये गेलो होतो. बेडरूम ऐसपैस वाटत होती. बेडला टेप लावला तर लांबी पाच फूट सात इंच. माणूस झोपला तर पाय बाहेर. दारं काढून ठेवली होती, कपाट नुसतंच एक फूट खोल. खोली खरी होती तेवढीच होती, सामान लहान केलं होतं. तेव्हा आपल्या घरातल्या कपाटाचं, फ्रिजचं आणि गादीचं माप लिहून न्या.

रिसेल घर दोनदा बघा, एकदा पावसात आणि एकदा पाणी यायच्या वेळी. बाथरूमच्या मागची भिंत आणि टॉप फ्लोअर असेल तर छत हाताने चाचपा. नवा रंग ताजा दिसला तर विचारा, कशासाठी दिला.

पायरी ७: टोकन ते रजिस्ट्रेशन

टोकन चेकने किंवा ऑनलाइन द्या, आणि पावतीवर लिहून घ्या की कागद अपुरे निघाले किंवा कर्ज नामंजूर झालं तर पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत. काही रक्कम रोख मागितली तर नाही म्हणा. तेवढ्यावर तुम्हाला कर्जही मिळत नाही आणि पुढे विकताना खरेदी किंमतही कमी दिसते. घर ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आयकर) कापून तुम्हीच भरायचा असतो. राहिला तर नोटीस तुम्हाला येते. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दर करारापेक्षा जास्त असेल तर स्टॅम्प ड्युटी त्या दरावर लागते, हे वकिलाला आधी विचारा.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी दोन ओळखदार, सगळ्यांची मूळ आधार आणि पॅनकार्डं. आमच्या वेळी आईचं नाव करारात होतं. तिने चाळीस वर्षं भांडी घासली, तिच्या अंगठ्याचा ठसा यंत्रात उमटेना. चार वेळा झालं, मागे रांग वाढत होती. मग तिथल्या कर्मचारी बाईंनी ओल्या रुमालाने तिचा अंगठा पुसला, जरा दाबून धरला, आणि पाचव्यांदा ठसा लागला. घरात वयस्कर कुणी सह्या करणारं असेल तर सकाळची पहिली वेळ घ्या आणि सोबत ओला रुमाल ठेवा.

त्यानंतर रजिस्टर करार आणि इंडेक्स टूच्या झेरॉक्स काढून सोसायटीला सभासदत्वाचा अर्ज द्या, शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर करून घ्या, विजेचं मीटर आणि मालमत्ता कराचं बिल नावावर करा. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, पण नाव बदलायचं काम तरीही करायचंच. मूळ करार कर्ज फिटेपर्यंत बँकेत राहतो. तो जमा केल्याची यादी सही-शिक्क्यासह मागून घ्या आणि घरच्यांना ती कुठे ठेवलीय ते सांगा.